अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या शेतकरी घराण्याची वंशावळ कशी लावावी

जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी आणि दोन्ही कॅरोलिना या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात दहा-बारा मुलांचं शेतकरी घर ही नवलाची गोष्ट नव्हती. पोरांची नावं आजा-पणजांवरून ठेवायची, नाहीतर जॉर्ज वॉशिंग्टन, अँड्र्यू जॅक्सन, फ्रान्सिस मॅरियन अशी थोरामोठ्यांची उचलायची. मग दोन पिढ्यांत एकाच काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) एकाच आडनावाचे चार विल्यम उभे राहतात. चौघेही शेतकरी आणि चौघांच्याही बायका मेरी नाहीतर सारा. इथे नुसतं नाव टाकून शोधलं तर वंशाचं झाड भराभर वाढतं आणि तितक्याच भराभर परक्या भावकीत शिरतं.

अशा मुलखात माणूस ओळखायचा तो त्याच्या जमिनीवरून, बांधालगतच्या शेजाऱ्यांवरून, त्याला जामीन राहिलेल्या मेव्हण्यावरून. म्हणून आपला पूर्वज एकच असला तरी त्याची सगळी भावंडं, त्यांचे सोयरे आणि पाच-सहा शेजारी यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. काम वाढतं, पण दुसरा रस्ता नाही. उदाहरणासाठी इथे अलाबामाचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग घेतला आहे, कारण बहुतेक पेच तिथे एकत्र भेटतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं काढलं की पुण्यात बसूनही निम्मं काम होतं. काही पानांच्या प्रतिमा मात्र त्यांच्या केंद्रात जाऊनच दिसतात.

सुरुवात विसाव्या शतकातून

मूळ पुरुष शोधायला थेट १८०० वर उडी मारू नये. दक्षिणेत जन्ममृत्यूची सरकारी नोंद फार उशिरा सुरू झाली: अलाबामा १९०८, मिसिसिपी १९१२, नॉर्थ कॅरोलिना १९१३, साउथ कॅरोलिना १९१५, जॉर्जिया १९१९. व्हर्जिनियाने १८५३ ते १८९६ या काळात नोंदी ठेवल्या, पण तो अपवाद. म्हणजे १८५०-६० च्या दशकांत जन्मलेल्यांचे जन्मदाखले मिळणार नाहीत. पण त्यातले बरेच जण १९१० ते १९४० दरम्यान वारले आणि मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव विचारलेलं असतं. एकाच भावाचा दाखला काढून थांबू नका, जितकी भावंडं सापडतील तितक्यांचे काढा. दाखल्याच्या तळाशी माहिती देणाऱ्याचं नाव असतं. तो जावई असेल तर सासऱ्याच्या आईचं माहेर त्याला कुठून ठाऊक असणार! दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या वर्षी तेच आडनाव सांगितलं असेल तरच ते धरून पुढे जावं.

मग जनगणनेची पानं, उलट्या क्रमाने. १९०० ची सगळ्यांत मोलाची, कारण तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला एकूण मुलं किती झाली आणि हयात किती हे सगळं आहे. ‘११ झाली, ७ हयात’ असं लिहिलेलं असेल आणि तुमच्या यादीत आठच नावं असतील तर तीन अजून शोधायची आहेत. काही घरांत सावत्र मुलंही या आकड्यात घुसलेली असतात, तेव्हा १९१० च्या आकड्याशी ताडून पाहा. १८९० ची बहुतेक पानं जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीतल्या आगीत जळाली किंवा भिजली आणि उरलीसुरली पुढे सरकारनेच नष्ट केली. या वीस वर्षांच्या खिंडारात मुली हरवतात. १८८१ मध्ये जन्मून १८९९ मध्ये लग्न झालेली मुलगी आईवडिलांच्या घरात एकाही जनगणनेत दिसत नाही. तिच्यासाठी काउंटीचं विवाहपुस्तक त्या आडनावावर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळावं लागतं.

१८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं पहिल्यांदा लिहिलं गेलं. १८७०, १८६० आणि १८५० मध्ये घरातल्यांची नावं आहेत पण नातं नाही, आणि चुका नेमक्या इथेच होतात.

१८५० चं एक घर वाचून पाहू

समजा पानावर असं घर आहे: पुरुष ५२, जन्म साउथ कॅरोलिना, बाई ३४, जन्म जॉर्जिया. खाली मुलं २४, २१, १९ वर्षांची, तिघंही जॉर्जियात जन्मलेली. पुढची १३, ११, ९, ६, ४ आणि १, सगळी अलाबामात. शेवटी ७० वर्षांची म्हातारी, आडनाव वेगळं.

इंटरनेटवरच्या झाडांत या बाईला नऊही मुलांची आई करून टाकलेलं असतं. पण ती २४ वर्षांच्या मुलाच्या वेळी दहा वर्षांची ठरते. १९ आणि १३ यांच्यातलं सहा वर्षांचं अंतर पाहा. अशा घरांत मूल साधारण दोन वर्षांनी व्हायचं, तीन-चार वर्षांची फट असेल तर मधलं मूल गेलं असावं आणि त्याहून मोठी फट असेल तर बहुधा पहिली बायको गेली. म्हणजे पहिली बायको १८३१ नंतर वारली, दुसरं लग्न १८३६ च्या सुमाराला झालं आणि त्याच काळात घर जॉर्जियातून अलाबामात आलं. १८३२ च्या तहाने क्रीक या मूळच्या रहिवासी लोकांची अलाबामातली जमीन गेली आणि गोऱ्या वसाहतकऱ्यांची रीघ लागली, त्याच्याशी हे जुळतं. दुसऱ्या लग्नाची नोंद दोन्ही राज्यांत शोधायची. म्हातारी दुसऱ्या बायकोची आई असू शकते, तसं असेल तर माहेरचं आडनाव हाती लागलं. पण तिने स्वतः दुसरं लग्न केलेलं असेल तर ते आडनाव दिशाभूल करेल, म्हणून ते पेन्सिलीने लिहा. शिवाय नवी बायको विधवा असेल तर मधल्या मुलांतलं एखादं तिच्या पहिल्या नवऱ्याचंही असतं आणि गणनावाल्याने सरसकट एकच आडनाव ओढलेलं असतं.

दर पानावरून वरची दहा आणि खालची दहा घरंही उतरून घ्या. जवळच राहणारा २७ वर्षांचा त्याच आडनावाचा तरुण बहुतेक वेळा थोरला मुलगा निघतो. मधे एखादं वेगळ्या आडनावाचं घर असेल आणि तिथल्या बाईचा जन्मही जॉर्जियाचा असेल तर ती मुलगी असू शकते. सिद्ध काहीच झालेलं नाही, पण पुढे कचेरीत कोणती नावं शोधायची ते कळलं.

वयांवर फार विसंबू नका. १८५० मध्ये ३४ ची बाई १८६० मध्ये ४१ ची आणि १८७० मध्ये ४९ ची सहज होते. दक्षिणेत १८७० ची गणना ढिसाळही होती, तीत घर सापडलं नाही म्हणून ते गाव सोडून गेलं असं ठरवू नये. बायकांची नावंही बदलत राहतात: पॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट. कागदावर ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ असेल तर ते बापलेकच असतील असं नाही. त्याच भागातले थोरला विल्यम आणि धाकटा विल्यम एवढाच त्याचा अर्थ, मग ते चुलता-पुतण्या असोत की नात्याबाहेरचे. थोरला वारला की धाकटा ‘सीनियर’ होतो.

१७९० ते १८४० च्या गणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार आकडे असतात. १८३० आणि १८४० मध्ये पाचखालचे, ५ ते १०, १० ते १५, १५ ते २०, मग दहा-दहाचे गट. १८५० ची मुलं मागे नेऊन या घरांत बसवून पाहा. जी चौकट रिकामी राहते ती लग्न होऊन गेलेली मुलगी किंवा वारलेलं मूल. जास्तीची माणसं म्हणजे पुतणे, गडी किंवा म्हातारे आईबाप.

काउंटी जागची हलते

उदाहरणाला घेतलेल्या डोंगराळ भागातली शेती एकाच ओढ्याकाठी चाळीस वर्षं असली तरी तिचे कागद तीन नावांखाली सापडतील. बेंटन काउंटी १८३२ मध्ये झाली. १८५८ मध्ये तिचं नाव कॅलहून झालं. १८६६ मध्ये कॅलहून, रँडॉल्फ आणि टॅलाडेगा यांचे तुकडे जोडून क्लिबर्न काउंटी काढली. हेफ्लिन गाव आज क्लिबर्नमध्ये आहे, पण त्या बाजूच्या शेतकऱ्याचं १८५५ चं मृत्युपत्र क्लिबर्नच्या कचेरीत असणंच शक्य नाही. ते जुन्या मूळ काउंटीत पाहायचं. शेजारच्या जॉर्जियात कॅस काउंटी १८६१ मध्ये बार्टो झाली, मिसिसिपीत ली काउंटी १८६६ मध्ये इटावांबा आणि पोंटोटॉक यांतून निघाली. काम सुरू करतानाच आपल्या काउंटीची जन्मतारीख, मूळ काउंट्या आणि बदललेली नावं एका पानावर लिहून ते पान समोर चिकटवा. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाचा जुन्या काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह ऑनलाइन आहे, त्यात तारखेनुसार सीमा दिसतात.

कोर्टाचे कागद

जनगणनेवर जी झाडं थांबतात ती इथे हलतात. शेतकरी मृत्युपत्र न करता वारला तर बरंच, असं वंशावळ लावणारे म्हणतात, आणि ते खरं आहे. मृत्युपत्रात बाप ज्यांना आधीच जमीन दिली त्या मुलांना वगळतो किंवा एका डॉलरवर बोळवण करतो. मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता सगळ्या मुलांत सारखी वाटायची, वारलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना द्यायचा, आणि त्यासाठी कोर्टाला सगळ्यांची नावं लागायची, टेक्सासला निघून गेलेल्यांचीसुद्धा.

कागद या क्रमाने मागवा किंवा उघडा:

१. व्यवस्थापकाचं, म्हणजे मालमत्तेची वाट लावायला कोर्टाने नेमलेल्या माणसाचं, जामीनखत. तो कोण आणि त्याला जामीन कोण हे पाहा. जामीनदार बहुधा भाऊ, मेव्हणा किंवा जावई.

२. मालमत्तेची मोजदाद. तीत बैल, नांगर, माग, खाटा आणि गुलाम माणसं, किमतींसह.

३. लिलावाची यादी. कोणी काय घेतलं ते ओळीने असतं. पहिल्या ओळींत घोंगड्या, भांडी, चरखा घेणारी विधवा असते. तिच्या मागोमाग लहानसहान वस्तू घेणारी परकी आडनावं म्हणजे जावई असण्याचा संभव मोठा. ही आडनावं विवाहपुस्तकातल्या नवरदेवांशी जुळवून पाहा.

४. वर्षावर्षाचे हिशेब आणि शेवटची वाटणी. मुलींची नावं इथे ‘अमुक आणि त्याची पत्नी तमुक’ अशी येतात.

५. अज्ञान मुलांच्या पालकत्वाचे कागद. यांतल्या ‘अनाथ’ या शब्दाने फसू नका. बाप वारला की आई जिवंत असली तरी कोर्ट मुलांना अनाथच म्हणे. चौदा वर्षांवरचं मूल स्वतः पालक निवडू शकत असे, त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो.

नोंदवहीतली प्रत आणि सुटे मूळ कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदवहीत मृत्युपत्राची नक्कल असते, पण पावत्या, पत्रं आणि भांडणं सुट्या कागदांच्या पुडक्यात राहतात. पुडकं बघितल्याशिवाय काउंटी संपली असं समजू नये. भावाभावांत दावा झालेला असेल तर चॅन्सरी कोर्टाचं (वाटणीसारखे दावे चालवणाऱ्या कोर्टाचं) प्रकरण शोधा. त्यात आजोबांपासूनची अख्खी वंशावळ साक्षीदाराच्या तोंडून उतरवलेली सापडते. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने अशी प्रकरणं मोठ्या प्रमाणात ऑनलाइन ठेवली आहेत.

लग्नाच्या बाबतीत नॉर्थ कॅरोलिनात १८६८ पर्यंत विवाहाची जामीनखतं असत, म्हणजे ठरलेल्या लग्नाला कायद्याची अडचण नाही याची आधी दिलेली हमी. त्यावरचा जामीनदार पुष्कळदा नवरीचा भाऊ किंवा बाप. जामीनखताची तारीख म्हणजे लग्नाची तारीख नव्हे, आणि खत झालं म्हणून लग्न झालंच असंही नाही. साउथ कॅरोलिनात १९११ पूर्वी परवान्याची पद्धतच नव्हती, तिथे लग्नं वर्तमानपत्रं, चर्च आणि खरेदीखतांवरूनच काढावी लागतात.

फॅमिलीसर्चने २०२४ मध्ये हस्तलिखित नोंदींतला मजकूर शब्दाने शोधण्याची सोय आणली. अनुक्रमणिकेत फक्त देणारा-घेणारा असतो, पण या शोधात साक्षीदार, शेजारी, गुलाम म्हणून विकलेली माणसंही सापडतात. यंत्र जुनं वळण चुकीचं वाचतं, म्हणून आडनावाची चार-पाच रूपं टाका आणि सापडलेलं पान स्वतः वाचा.

जमीन: चार विल्यम वेगळे करायचे ते इथेच

अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, अर्कान्सा आणि फ्लोरिडा इथली जमीन केंद्र सरकारने चौकोनांत मोजून विकली. सहा मैल बाजूचं टाउनशिप, त्यात ६४० एकरांचे ३६ सेक्शन, सेक्शनची चौथाई १६० एकर. १८२० पासून किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता आणि १८३२ पासून ४० एकरांचा तुकडाही मिळू लागला. म्हणजे पन्नास डॉलर जमवले की पोरगा बापाच्या शेजारी स्वतःचं शेत घेऊ शकत होता. या पहिल्या सनदा केंद्र सरकारच्या भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. एका सेक्शनमधले आणि त्याच्या आठ शेजारी सेक्शनमधले सगळे सनदधारक आलेख कागदावर मांडा. नऊ चौकोनांत निम्मी सोयरीक दिसून येते.

जॉर्जिया, कॅरोलिना, व्हर्जिनिया, टेनेसी आणि केंटकीत बहुतेक जमीन चतुःसीमा सांगून मोजलेली आहे. खरेदीखत असं चालतं: पांढऱ्या ओकापासून सुरू, ईशान्येला ४० पोल खुंट्यापर्यंत, तिथून अमक्याच्या हद्दीने ओढ्यापर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोलांचा एक एकर. सातबारा वाचणाऱ्याला हे परकं वाटणार नाही. हा आकार काढून शेजाऱ्याच्या खताच्या आकाराला जोडता येतो आणि बांधाला बांध जुळला की दोन विल्यमपैकी हा कोणता ते ठरतं. जॉर्जियात १८०५ ते १८३३ दरम्यान जमिनीच्या सोडती निघाल्या. नाव सोडतीत लागलं म्हणून तो माणूस तिथे राहायला गेला असं नाही, अनेकांनी न पाहताच जमीन विकली.

प्रत्येक विल्यमचा वेगळा तक्ता करा: वर्ष, कागद, ओढ्याचं नाव, एकर, बायकोचं नाव, शेजारी, साक्षीदार, सही की अंगठ्याऐवजी फुली. ओढ्याचं नाव सर्वांत भरवशाचं. सही करणारा विल्यम सहसा पुढच्या खतात फुली करत नाही. जमीन विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन तिची संमती नोंदवत, कारण नवऱ्यामागे त्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर तिचा हयातीपुरता हक्क असे. या एका ओळीतून बायको कधी बदलली ते कळतं. ‘प्रेमापोटी’ एका डॉलरला दिलेलं खत म्हणजे बक्षीसपत्र, घेणारा जवळचाच. आणि कधी मिळवली याचा पत्ता नसलेली जमीन एखादा विकत असेल तर ती वारसाने आली, तेव्हा त्याच तुकड्याचा मागचा मालक शोधा.

त्याच शेतावरची दुसरी कुटुंबं

१८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी गणना झाली. तीत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण, नावं जवळजवळ कुठेच नाहीत. म्हणून कृष्णवर्णीय घराण्यांचा शोध १८७० पाशी अडतो. तो पुढे न्यायचा तर १८७० मध्ये कुटुंब कुठे राहत होतं, शेजारी कोणते गोरे जमीनदार होते ते पाहावं आणि त्यांच्या मोजदाद, वाटणी, बक्षीसपत्र, गहाणखत या कागदांत आई-मुलांचे गट जुळवावेत. आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल हे गृहीत धरू नका, पुष्कळांनी आधीच्या मालकाचं किंवा स्वतः निवडलेलं आडनाव लावलं. अलाबामाची १८६६ ची राज्य जनगणना आणि १८६७ ची मतदार नोंदणी यांत दोन्ही वर्णांचे लोक आहेत. फ्रीडमन्स ब्युरो या मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे १८६५ ते १८७२ चे मजुरी करार आणि विवाहनोंदी, फ्रीडमन्स बँकेच्या १८६५ ते १८७४ च्या खातेनोंदी (यांत आईबाप आणि भावंडांची नावं विचारलेली असत), आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या १८६६ च्या सहजीवन नोंदी (गुलामीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांच्या विवाहाची नोंद) हे पुढचे टप्पे.

गोऱ्या घराण्याची वंशावळ लावणाऱ्याच्या हातात हे कागद आधी पडतात. मोजदादीतली ही नावं गाळू नका, वय आणि किमतीसकट जशीच्या तशी उतरवून इतरांना दिसतील अशी ठेवा. कोणाचा तरी अडलेला शोध तिथूनच सुटतो.

बायबल, चर्च, दफनभूमी, युद्ध

घरच्या बायबलमधल्या जन्मनोंदी पाहताना आधी आतल्या शीर्षकपानावरचं छपाईचं वर्ष बघा. बायबल १८५८ चं आणि पहिली नोंद १८२१ ची असेल, सगळी एकाच शाईने, तर ती आठवणीवरून लिहिली आहे. बॅप्टिस्ट पंथाचे लोक तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे तिथे जन्मनोंद शोधण्यात अर्थ नाही. त्यांच्या सभांच्या वहीत मात्र ‘पत्र घेऊन गेले’ (म्हणजे दुसऱ्या चर्चसाठी सभासदत्वाचा दाखला घेऊन गेले) अशी नोंद मिळते आणि कुटुंब कोणत्या महिन्यात हललं ते कळतं. थडग्यावर ‘७२ वर्षं ३ महिने ११ दिवस’ असेल तर मृत्यूच्या तारखेतून वजा करून जन्मतारीख काढा. दगडावर खडू किंवा दाढीचा फेस लावू नका, आरशाने तिरपा उजेड पाडला की अक्षरं वाचता येतात. ऑनलाइन दफननोंदीत दगडाचा फोटो नसेल तर तिथली माहिती ऐकीव समजावी.

१८६२ ते १८६५ या काळात अठरा ते पन्नास वयाचा प्रत्येक पुरुष कॉन्फेडरेट, म्हणजे गृहयुद्धातल्या दक्षिणेच्या, सैन्याच्या नोंदींत शोधावा. त्या सैनिकांना पेन्शन केंद्राने नाही, राज्यांनी दिलं, आणि अर्ज सैनिक म्हातारपणी राहत असलेल्या राज्यात होत असे. अलाबामाच्या रेजिमेंटमधला माणूस टेक्सासच्या कागदांत सापडतो तो यामुळे. विधवेच्या अर्जात लग्नाची तारीख आणि जागा मिळते. घर उत्तरेच्या बाजूचं होतं अशी कुणकुण असेल तर सदर्न क्लेम्स कमिशन या केंद्राच्या आयोगाकडे १८७१ नंतर केलेले नुकसानभरपाईचे दावे पाहा, त्यांत शेजारी-नातेवाइकांच्या साक्षी आहेत.

कोर्टहाऊस जळलं असेल तर

‘सगळं जळलं’ हे वाक्य ऐकून काम सोडू नये. कोणते खंड जळले ते आधी विचारा. पुष्कळ मालकांनी आगीनंतर जुनी खरेदीखतं पुन्हा नोंदवून घेतली, म्हणून १८४० चं खत १८८० च्या वहीतही असतं. केंद्राच्या सनदा आणि जनगणना तशाही वॉशिंग्टनच्या ताब्यात. वारसा प्रकरणांच्या जाहीर सूचना शेजारच्या गावच्या वर्तमानपत्रात छापून येत. जॉर्जियाची जुनी वर्तमानपत्रं फुकट शोधता येतात. आणि काउंटीच्या सीमेवर राहणारा शेतकरी पलीकडच्या काउंटीतही जमीन घेत असे.

डीएनए चाचणीचा उपयोग कागदांनंतर. तिसऱ्या चुलत-मावस भावंडांत सरासरी साधारण ७३ सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक) सामाईक असतात, चौथ्या चुलत-मावस भावंडांत साधारण ३५. पण या घराण्यांत दोन भावांनी दोन बहिणी केलेल्या असतात, चुलत भावंडांचीही लग्नं झालेली असतात. मग आकडा फुगतो आणि नातं आहे त्याहून एक-दोन पायऱ्या जवळचं भासतं. जुळणाऱ्या माणसाच्या सगळ्या शाखा कागदावर लावून झाल्याशिवाय त्या आकड्यावरून बाप ठरवू नका. बापाकडूनच्या सरळ पुरुषवंशाचा प्रश्न असेल, म्हणजे चारपैकी कोणता विल्यम, तर दोन्ही शाखांतल्या हयात पुरुषांची वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए) चाचणी करावी. दोन शाखा वेगळ्या मूळ पुरुषांच्या असतील तर ती ते स्वच्छ दाखवते. विल्यम सख्खे किंवा चुलत भाऊ असतील तर मात्र पुन्हा ओढ्याचं नाव आणि लिलावाची यादी घेऊनच बसावं लागतं.